शेजारची खुर्ची

लाल खुर्ची दिसली आणि तलाठी मॅडमच्या पुढं चालणारा भिकन उन्हातच थांबला.

नवसाबाईच्या ओट्यावर, बरोबर सावली बघून ती मांडली होती. नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली, पायांपाशी सांडलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं. तिच्या शेजारी एक निळी खुर्ची. मधे स्टूल, स्टुलावर विणलेला रुमाल. आत टेबलफॅन गरगरत होता. आणि दारात खुद्द नवसाबाई, लेकीच्या सासरहून मिळालेली जरीकाठी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन अशी उभी, की बघणाऱ्याला वाटावं आज या घरात सोयरीक ठरणार आहे.

“या मॅडम, या. भिकनभाऊ, उन्हात कामून उभे? सावलीत या.”

भिकननं डोळ्यांनी खुणावलं. भुवया उडवल्या, मान हलवली, हाताचा तळवा खालीवर करून ‘आवरा हे सगळं’ असंही दाखवून झालं. पण कसलं काय. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस उभा आहे एवढं तिला कळायचं, त्याची भुवई कुठली दिसायला? ती आपली हसतच होती.

भिकन चिंचमळ्याचा कोतवाल. चिंचमळा म्हणजे पंचवटीच्या पल्याडचं फुलांचं गाव, आता अर्धंअधिक शहराच्या घशात गेलेलं. आणि कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिसा वाटायच्या, पंचनाम्याला माणसं गोळा करायची, साहेब निघाले की पुढं चालायचं आणि साहेब बसले की मागं उभं राहायचं. हल्ली सरकारनं या नोकरीला ‘महसूल सेवक’ असं भारदस्त नाव दिलंय म्हणे. देईना का. गावात त्याला कोतवालच म्हणतात आणि चपला पूर्वीइतक्याच झिजतात. एकतीस वर्षं झाली, आता शेवटचे अकरा महिने उरले होते.

या एकतीस वर्षांत तलाठी आले नि गेले, पण भिकनची एक रीत कधी बदलली नाही. निराधाराच्या अर्जाची चौकशी असली, की आदल्या दिवशी तो एकटा त्या घरी जाऊन यायचा. दाराबाहेरच उभा राहायचा आणि सांगायचा, “उद्या साहेब येतील. शेजारून काय मागून आणू नका. लुगडं रोजचंच नेसा. च्या करू नका. आन् खुर्ची तर मुळीच नको.” गावातल्या काही शहाण्यांना वाटायचं, हा पैसे खायला जातो. त्यांना वाटू दे.

ही रीत त्याला एका बाईनं शिकवली होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी झुंबरबाई नावाच्या विधवेकडं तो तलाठ्यांसोबत गेला होता. साहेब येणार म्हणून त्या बाईनं आळीतली तांब्यापितळेची भांडी मागून आणून फळीवर मांडली होती. तलाठी चहा प्याले, ढेकर दिला आणि अहवालात लिहून मोकळे झाले, ‘भांडीकुंडी भरपूर’. बाईचा अर्ज बाद. तेव्हा पोरसवदा भिकनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गरिबाच्या घरी सरकार येतं ते त्याला सरकार वाटतच नाही, पाहुणा वाटतो. आणि पाहुण्यापुढं कुणी फाटकं मांडत नाही.

मग नवसाबाईच्या अर्जाच्या वेळी गडी आदल्या दिवशी का गेला नाही?

तर नव्या तलाठी मॅडम. भाग्यश्री मॅडम, वय सत्तावीस, परीक्षा देऊन लागलेल्या. आता तुम्ही म्हणाल, आली शहरातली आणि लागली कायदा शिकवायला. तसं नव्हतं हो. बाई मनानं चांगली. म्हाताऱ्या माणसांना ‘आजी, आजोबा’ म्हणायची, कुणाचा एक रुपया घ्यायची नाही, भिकनला कधी नुसत्या नावानं हाक मारली नाही. पण आधीच्या गावात ती पोळली होती. तिथं एका ट्रॅक्टरवाल्यानं गोठाच घर म्हणून दाखवला आणि आईच्या नावानं निराधारची पेन्शन उचलली. पुढं कुणीतरी तक्रार केली, वसुली निघाली, आणि सही मॅडमची म्हणून त्यांनाच नोटीस आली. त्यामुळं चौकशीच्या आदल्या दुपारी त्यांनी भिकनला समोर बोलावलं.

“काका, चौकशीच्या आधी तुम्ही लोकांना जाऊन भेटता?”

“भेटतो मॅडम.”

“काय सांगता त्यांना?”

आता काय सांगणार? खरं सांगायला जावं तर ते ऐकायलाच लबाडीचं वाटलं असतं. मी लोकांना गरीब दिसायला सांगतो, असं कोण कबूल करील? भिकन म्हणाला, “सांगतो, मॅडम येणार हायेत, घरी ऱ्हा.”

“ते मी फोनवर कळवीन. तुम्ही जायचं नाही. जसं आहे तसं बघायचं. आता फोटो काढून लगेच पाठवावे लागतात, घराचं ठिकाणसुद्धा त्यात येतं. सगळं स्वच्छ झालं पाहिजे.”

भिकन ‘बरं’ म्हणाला. खरं तर नवसाबाईचं घर त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. संध्याकाळी सायकल तिच्या बोळाच्या तोंडाशी आली तेव्हा पाय आपोआप थांबले होते. पण अकरा महिने राहिलेत, शेवटी शेवटी कशाला बोलणी खा, असं मनात आलं आणि गडी पुढं निघून गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

तर ओट्यावर मॅडम लाल खुर्चीत बसल्या. निळी खुर्ची भिकनसाठी होती, पण तो कसला बसतोय. सरकारी कामावर असताना कुणाच्या घरी बसायचं नाही, हा त्याचा धर्म. तो खांबाला टेकून उभा राहिला. समोरच्या घराच्या दारात ताहेरा उभी होती. ही नवसाबाईची शेजारीण, शिलाईचं काम करणारी. ओढणीच्या टोकानं हात पुसत ती इकडंच बघत होती. खुर्च्या तिच्या, स्टूल तिचं, पंखा तिचा, हे भिकनला न सांगता कळत होतं. याच निळ्या खुर्चीवर ताहेराचा नवरा रोज संध्याकाळी रिक्षा लावून पाय वर घेऊन बसलेला त्यानं शंभरदा बघितला होता.

“आजी, घरात कोण कोण असतं?” मॅडमनी विचारलं.

“मी आन् देव.”

“मुलंबाळं?”

“एक लेक हाय, सुवर्णा. सटाण्याकडं दिलीय. तिचंच तिला पुरं होत नाय.”

“आणि मालक?”

“मोतीरामला जाऊन नऊ वर्षं झाली.” नवऱ्याचं नाव तिनं मोकळेपणी घेतलं, आता कुणाला लाजायचं?

“तुम्ही काय काम करता?”

“आता कसलं काम, ताई. चाळीस वर्षं रामकुंडावर हार विकले. झेंडूचे, शेवंतीचे. देवाला माझ्याच हातचे जायचे. आता सुईत दोरा जाईना, मागल्या साली बंद केलं. रेशनचं धान्य मिळतं, पण साखरेच्या दुखण्याला गोळ्या लागत्यात, त्या कोण देणार? दवाखान्यात कवा मिळत्यात, कवा नाय.”

मॅडम लिहीत होत्या. इथवर सगळं सरळ चाललं होतं. बाई पासष्टीच्या पुढची, एकटी, उत्पन्नाचा दाखला नियमात बसणारा. तेवढ्यात नवसाबाई आत गेली आणि ट्रे घेऊन आली. सोनेरी काठाच्या कपबशा, दोन बशांमध्ये पोहे, वर ओल्या खोबऱ्याचा कीस. भिकननं मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

मॅडमनी पोह्यांकडं बघितलं, मग आतल्या पंख्याकडं, मग बुडाखालच्या खुर्चीकडं. तो ट्रॅक्टरवाला त्यांच्या डोळ्यांपुढं आला असणार.

“आजी, पंखा तुमचाच का?”

नवसाबाई थबकली. क्षणभरच. समोर दारात ताहेरा उभी, ओट्यावर पाहुणी बसलेली, हातात ट्रे. अशा वेळी कोणती बाई म्हणेल की नाही हो, मागून आणलाय?

“मंग कुणाचा?” ती हसून म्हणाली.

“आणि या खुर्च्या?”

“घरच्याच. माणूस येतं-जातं, लागत्यात.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि खांबाकडं वळून बघितलं. “काका, तुम्ही इथलेच. तुम्हाला काही सांगायचंय?”

हा क्षण भिकन पुढं कितीदा तरी आठवत राहिला. मॅडमनी विचारलं नव्हतं असं नाही. चांगलं तोंडावर विचारलं होतं. नवसाबाईनं त्याच्या दिशेनं मान वळवली होती. न दिसणाऱ्या डोळ्यांत इतकं कौतुक होतं, आपला मानाचा दिवस आपल्या गावच्या माणसानं बघितला याचं. ‘मॅडम, यातलं काहीच हिचं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे म्हातारीला तिच्याच ओट्यावर खोटी पाडणं. आणि अकरा महिने होतेच. ‘तुम्हाला कसं माहीत, काल येऊन गेलात का’ असं मॅडमनी विचारलं असतं तर?

“नाय मॅडम,” भिकन म्हणाला आणि बशीत ओतलेला चहा एका दमात प्याला.

मॅडमनी पोहे संपवले आणि फोटो काढले. एक आतला, एक ओट्याचा, एक नवसाबाईचा. फोटोसाठी तिनं निऱ्या सारख्या केल्या, “पदर नीट हाय ना वं?” म्हणून ताहेराला विचारलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभी राहिली.

मॅडमची गाडी बोळाच्या तोंडाशी लावली होती. तिथं पोचल्यावर भिकननं मागं वळून बघितलं. ताहेरा एका हातात लाल आणि एका हातात निळी खुर्ची घेऊन बोळ ओलांडत होती. मागून नवसाबाई पंखा छातीशी धरून, वायर पायात येऊ नये म्हणून जपून पाय टाकत चालली होती. मॅडमनी एकदा, फक्त एकदा मागं बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. आणि भिकन, काय सांगावं, तेव्हाही मूग गिळून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. चावडीचं कुलूप काढता काढताच म्हणाला, “मॅडम, काल त्या खुर्च्या तिच्या नव्हत्या. पंखाबी नव्हता. शेजारणीचं हाय सगळं.”

“मी तुम्हाला तिथं विचारलं होतं ना, काका?”

“व्हय.”

“मग?”

भिकन कुलपाशी चाळा करत राहिला.

“फोटो कालच गेले. अहवालही गेला,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळं तर जास्तच लागलं. “आता मी काय लिहू? की फोटोत दिसतंय ते खरं नाही? मला पुन्हा नोटीस येईल. बघते, अर्जांच्या बैठकीच्या आधी तहसीलदार साहेबांच्या कानावर घालते.”

घातलंही असेल. पण बैठक म्हणजे काय असते ते भिकनला ठाऊक होतं. दिवाळीनंतर ती झाली तेव्हा फायलींचा गठ्ठा घेऊन तो दाराशी उभाच होता. लांब टेबलाभोवती माणसं बसली होती, मधे काजूकतलीची बशी होती, आणि एकामागून एक माणसं पात्र-अपात्र होत होती. भिंतीवरच्या पडद्यावर फोटो येई, वाचणारा नाव वाची, पुढं सरके.

“नवसाबाई मोतीराम गांगुर्डे.”

पडद्यावर म्हातारी आली. जरीकाठी साडी, खुर्चीच्या पाठीवर हात, मागं पंखा, स्टुलावर सोनेरी काठाचा कप.

“ही निराधार?” कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

“नेक्स्ट.”

भिकननं खाकरायला तोंड उघडलं तोवर पडद्यावर दुसरीच बाई आली होती. पासष्ट वर्षं आणि वर काही महिने जगलेल्या बाईचा निकाल लागायला, खरं सांगतो, काजूकतली चावून गिळायलाही जास्त वेळ लागतो.

आता ते पत्र पोचवायचं कुणी? कोतवालानंच. गावातल्या बाकी सगळ्यांची पत्रं त्यानं त्याच दिवशी वाटली. नवसाबाईचं पत्र तेवढं पिशवीत राहिलं. आठ दिवस ते घरी यायचं, सकाळी पुन्हा सायकलला लटकायचं. बायकोनं एकदा विचारलं, “जेवण का जाईना तुमाला?” तर तिच्यावरच खेकसला. नवव्या दिवशी पत्राची पोच मागायला कचेरीतून फोन आला, तेव्हा कुठं गडी बोळात शिरला.

नवसाबाई ओट्यावर गोणपाट टाकून बसली होती. समोर झेंडूचा ढीग. थर्माकोलच्या तुकड्यावर ओवलेल्या सुया ओळीनं टोचलेल्या. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. अंगावर विटकं लुगडं.

“मावशी, हार बंद केले व्हते ना?”

“भिकनभाऊ का? या, या.” आवाजावरून तिनं ओळखलं. “बंदच केले व्हते. पण गोळ्या संपल्या ना. ताहेरा सकाळी सुया ओवून देती, तेवढ्यावर चालतं. दिसत नाय म्हणून फुलाऐवजी बोटच ओवलं जातं कधी कधी.” स्वतःच्या बोलण्यावर तिला हसू आलं. “पत्र आलं का माझं?”

“आलंय.”

“वाचा की मंग.”

भिकननं पाकीट फोडलं. “गृहचौकशीअंती अर्जदाराचे राहणीमान समाधानकारक असल्याचे आढळून आले आहे…”

“म्हंजे?”

“म्हंजे…” भिकननं कागदाची घडी घातली. “घर चांगलं हाय, असं लिवलंय.”

म्हातारीचा चेहरा उजळला. “बघा. मी म्हनलंच व्हतं ताहेराला, पोरगी गुणाची हाय. पोहे सगळे खाल्ले तिनं, बशीत दाणा ठेवला नाय.” हातातली सुई तिनं थर्माकोलात टोचून ठेवली, जणू आता तिची गरज नव्हती. “मंग पैसे कवापासून?”

“नाय मिळणार, मावशी.”

“आं?”

“घर चांगलं हाय म्हणून नाय मिळणार. अपात्र केलंय तुमाला. त्या खुर्च्या, तो पंखा, ती साडी, सगळं फोटोत आलं.”

समोर ताहेराच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता. नवसाबाईनं चाचपत सुई पुन्हा उचलली, एक फूल ओवलं, दुसरं ओवलं.

“मी तिथं बोलाया पायजे व्हतं,” भिकन म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं लपवलंही नाही, लपवायचं कुणापासून? “मला ठावं व्हतं सगळं. आदल्या दिशी येऊन सांगायचं, ते बी केलं नाय.”

“बोलला असता तर मी पुन्हा तुमच्याशी बोलले नसते,” ती शांतपणे म्हणाली. “पाहुणीसमोर माझी लाज घेतली असती तुमी.”

“आपण परत अर्ज करू. कागद मी जमवतो. मॅडमबी मदत करते म्हणल्यात. पण या बारीला ऐका माझं. ताहेराकडून काय आणायचं नाय. च्या नाय, पोहे नाय. हेच लुगडं, हेच गोणपाट.”

“आन् ती पोरगी आल्यावर बसंल कुठं?”

“नाय बसणार. उभी ऱ्हाईल.”

नवसाबाईनं हाराला गाठ मारली, दोरा दातानं तोडला. “माझ्या दारात आजवर कुणी उभं नाय ऱ्हायलं, भाऊ,” ती म्हणाली. आणि मग एकदम काहीतरी ध्यानात येऊन तिनं मान वर केली. “तुमी तरी उभेच का मघापासून?”

“असू द्या मावशी, मला जायचंय.”

“थांबा.”

“नको मावशी.”

ऐकतेय कशाला. भिंतीला धरून ती उठली, ओट्याची पायरी पायानं चाचपून उतरली आणि बोळ ओलांडून गेली. मशीन थांबली. आत काही बोलणं झालं. ताहेरा “मौसी, मैं लाती ना, तुम्ही बसा,” म्हणत मागं आली, पण नवसाबाईनं तिला हात लावू दिला नाही. लाल खुर्ची दोन्ही हातांनी धरून, जमिनीवर फरपटत तिनं स्वतःच आणली. ओट्यावर सावलीत ठेवली. पदरानं बसायची जागा पुसली, मग हातही पुसले.

“बसा,” ती म्हणाली.

एकतीस वर्षांत भिकन असा कुणाच्या घरी बसला नव्हता. तो बसला. पिशवीतून त्यानं शाईचं पॅड आणि पोच पावती काढली आणि मांडीवर ठेवली, कारण पोच घेतल्याशिवाय त्याला परत जाता येत नव्हतं. नवसाबाईनं उभ्यानंच हात पुढं केला. झेंडूनं पिवळा पडलेला अंगठा त्यानं धरला, शाईत बुडवला आणि तिच्या नावापुढं, ‘पत्र मिळाले’ असं छापलेल्या जागी टेकवला.

“झालं का?”

“झालं.”

“मंग बसा निवांत. च्या टाकते,” म्हणत ती भिंतीच्या आधारानं आत गेली. साखरेचा डबा उघडल्याचा आणि चमचा तळाला घासल्याचा आवाज आला. मग ताहेराला मारलेली हाक आली. भिकन खुर्चीच्या हातांवर हात ठेवून बसून राहिला.